जबाबाची खोली

मराठी गद्याचा अभ्यास करताना आपण बखरी, पत्रव्यवहार, निबंध, कादंबरी, आत्मकथन असे प्रकार शिकतो आणि शिकवतो. एका गद्यप्रकाराकडे मात्र अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. तो राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज लिहिला जातो, त्याची भाषा पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदललेली नाही आणि त्यातल्या एखाद्या वाक्यावर कुणाचे तरी उरलेले आयुष्य अवलंबून असू शकते. हा प्रकार म्हणजे जबाब. नाव, वय, धंदा, राहणार अशी ओळख झाली की ‘समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की’ अशी त्याची सुरुवात होते आणि ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे’ असा त्याचा शेवट. मधल्या मजकुरात ‘सदर इसम’, ‘सबब’, ‘नमूद ठिकाणी’ यांची ये-जा असते. घरी, बाजारात किंवा शेतात असे मराठी कुणीच बोलत नाही. पण ठाण्यात पाऊल ठेवले की प्रत्येकाचे बोलणे या एकाच साच्यातून बाहेर पडते.

कथनमीमांसा शिकवणाऱ्यांनी या गद्याकडे जरूर पाहावे. येथे निवेदन प्रथमपुरुषी आहे, परंतु लेखक दुसराच आहे. ‘मी’ म्हणणारी व्यक्ती बोलते आणि तिचा ‘मी’ हवालदार लिहितो. ‘विचारल्यावरून’ या एका शब्दात कुणीतरी काहीतरी विचारले होते एवढी कबुली मिळते. प्रश्न काय होते, कोणत्या स्वरात विचारले, कितीदा विचारले, याचा मागमूस कागदावर उरत नाही. उत्तरेच तेवढी एकापाठोपाठ एक अशी येतात, जणू बोलणाऱ्याने ती आपणहून, सुसंगतपणे, तारीखवार सांगितली असावीत. प्रश्नांबरोबर आणखी एक गोष्ट मजकुरातून पुसली जाते. ती म्हणजे हे सारे जिथे सांगितले गेले ती जागा. जबाबात ‘समक्ष पोलीस ठाण्यात’ एवढाच तिचा उल्लेख असतो. माझे म्हणणे असे की ही जागा त्या मजकुराचा भाग आहे, आणि जबाब कसा उतरेल हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

गेल्या चार दशकांत जगात अनेक ठिकाणी गुन्ह्याची झळ लागलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी वेगळ्या खोल्या उभारण्याचा विचार रुजला आहे. मानसिक आघात झालेले माणूस कसे आठवते, कसे बोलते, कशाने दचकते, याची जाण ठेवून या खोल्यांची रचना केली जाते. आपल्याकडे हा विषय निघाला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, ‘इथे ठाण्यात धड पाणी नाही आणि तुम्ही सोफ्याच्या गोष्टी करता’. दुसरी त्याच्या उलट, म्हणजे उत्साहाने भिंती गुलाबी रंगवून, फुलपाखरे चिकटवून, फीत कापून मोकळे होण्याची. मला या दोन्ही प्रतिक्रिया एकाच गैरसमजातून आलेल्या वाटतात. दोन्हींत ही खोली म्हणजे सजावट असे गृहीत धरलेले असते.

आपले नेहमीचे ठाणे डोळ्यांपुढे आणावे. दारातून आत जाताच ठाणे अंमलदाराचे उंच टेबल, त्यावर वायरलेसची खरखर, बाजूला बाकड्यावर बसलेली माणसे. त्यांत कोण फिर्यादी, कोण आरोपीचा भाऊ, कोण पंच म्हणून धरून आणलेला, हे कळायला मार्ग नसतो. कोठडीचे गज बहुधा येथूनच दिसतात. आलेल्या माणसाने उभे राहायचे, बसलेल्याने विचारायचे, आणि उत्तर सगळ्यांनी ऐकायचे. या वास्तूचा आराखडाच मुळी पकडणे, कोंडणे आणि हजेरी घेणे या कामांसाठी झाला. ऐकणे हे काम तिच्यात नंतर, जागा सापडेल तिथे, बसवण्यात आले. मोबाइल चोरीची तक्रार अशा जागी उभ्याने सांगता येते. घरात रोज होणारी मारहाण, लेकराशी शेजाऱ्याने केलेले वर्तन, जातीवरून भर चौकात झालेली विटंबना, बलात्कार, या गोष्टी तिथे सांगताना माणूस आवाज खाली घेतो, शब्द गाळतो, आणि शेवटी ‘मग काय, तसंच झालं’ असे म्हणून थांबतो.

हे गाळलेले शब्दच पुढे महाग पडतात, आणि हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहत नाही तो येथे. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबाला आपल्या कायद्यात एक चमत्कारिक स्थान आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली तो घेतला जाई; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम १८० आहे. हा जबाब म्हणजे स्वतंत्र पुरावा नव्हे. त्यावर जबाब देणाऱ्याची सही घेत नाहीत. त्याचा मुख्य उपयोग होतो तो उलटतपासणीत, साक्षीदाराला खोडून काढण्यासाठी. जुन्या कलम १६२ च्या आणि आताच्या कलम १८१ च्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की एखादी महत्त्वाची आणि संबद्ध गोष्ट जबाबात सांगायची राहिली असेल, तर ते राहून जाणे हीसुद्धा विसंगती ठरू शकते. प्रथम खबरीवर सही असते. तिच्यातली उणीवही अशीच साक्षीच्या वेळी समोर ठेवली जाते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या तरतुदीवर थोडे थांबावे. आपण मौनाचा अर्थ लावायला शिकतो. कवितेतली रिकामी जागा, संवादातला अर्धविराम, पात्राने न उच्चारलेले नाव यांना आपण अर्थपूर्ण मानतो. न्यायालयही मौनाला अर्थ देते, फक्त तो बोलणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा असू शकतो. बाकड्यावर बसलेल्या अनोळखी पुरुषांसमोर एका बाईने जे वाक्य गिळले, ते काही वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात तिने उच्चारले की बचावाचा वकील विचारतो, ‘हे तुम्ही पोलिसांना का सांगितले नाही?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘तिथे सांगता येत नव्हते’ असे असते. पण ती खोली तोवर मजकुरातून नाहीशी झालेली असते. न्यायाधीशांपुढे कागद असतो आणि त्या कागदावर ते वाक्य नसते.

आघाताविषयीचे मानसशास्त्रीय ज्ञान येथे उपयोगी पडते. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. पहिला सुरक्षिततेचा, दुसरा स्मरणाचा आणि शोकाचा, तिसरा जगाशी पुन्हा जोडले जाण्याचा. पोलिसांची गरज मात्र अशी की स्मरण आजच, या घटकेला हवे. सुरक्षितता आलेली नसताना दुसऱ्या टप्प्याची मागणी होते. तपासाला खोळंबता येत नाही हे मान्यच आहे. पुरावे नष्ट होतात, आरोपी पळतात. मग एकच मार्ग उरतो. पहिल्या टप्प्याचा निदान एक तुकडा, तासा-दोन तासांपुरता का होईना, त्या खोलीत उभा करायचा. दार, खुर्ची, प्रकाश, पाणी यांची चर्चा करायची ती एवढ्यासाठी.

महाराष्ट्रात या चर्चेला एक विशेष संदर्भ आहे, आणि तो विसरून पुढे जाता येणार नाही. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून आणले गेले. रात्री जबाब झाले. सोबतच्या माणसांना बाहेर जायला सांगण्यात आले आणि तिला थांबवून घेण्यात आले. बाहेर उभ्या असलेल्यांना ठाण्यातले दिवे मालवलेले आणि दार आतून बंद केलेले आढळले. दोन पोलिसांवर खटला झाला. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असा त्या निकालातील युक्तिवादाचा रोख होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, देशभर स्त्रियांची आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराची वेगळी तरतूद आली, संमतीबाबतचे गृहीतक बदलले. हा खटला त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो; ते नाव येथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

या प्रकरणाची चर्चा संमतीच्या अंगाने पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला त्यातली वास्तूही तितकीच बोलकी वाटते. दार कुणाच्या हातात होते, दिवा कुणाच्या हातात होता, सोबतीच्या माणसांनी कुठे थांबायचे हे कोणी ठरवले? ही तीन उत्तरे एकाच बाजूला पडली की ठाण्यातल्या खोलीचे काय होऊ शकते, हे देसाईगंजने दाखवून दिले. म्हणूनच आघाताची जाण ठेवून बांधलेल्या खोलीची कसोटी मी गाद्यागिरद्यांनी लावणार नाही. याच तीन प्रश्नांनी लावीन.

आपल्या रंगभूमीने हा प्रश्न या घटनेच्याही आधी ओळखला होता. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगमंचावर आले. एका सभागृहातल्या साध्या खुर्च्या-टेबले जरा इकडेतिकडे सरकवली जातात आणि खेळातले न्यायालय उभे राहते. खेळ म्हणून सुरू झालेल्या त्या मांडणीत लीला बेणारे अडकते. नाटकाच्या सुरुवातीला दाराच्या कडीत तिचे बोट चेमटते, आणि पुढे तिला निघून जायचे असते तेव्हा दार बाहेरून बंद झालेले असते. वर्गात आपण या कडीला प्रतीक म्हणतो आणि ते बरोबरच आहे. परंतु ज्या बाईला कधी चौकशीच्या खोलीत बसावे लागले आहे तिच्या दृष्टीने ती कडी आधी कडीच असते. चार खुर्च्या कशा मांडल्या यावर कोण न्यायाधीश, कोण आरोपी हे ठरते, ही तेंडुलकरांनी दाखवलेली गोष्ट वास्तुरचनाकारांनीही वाचण्यासारखी आहे. फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला खुर्चीच्या जागेमुळे आपणच आरोपी आहोत असे वाटू लागते, ते याच न्यायाने.

ब्रिटनमध्ये हा बदल एका चित्रीकरणामुळे घडला. रॉजर ग्रेफ यांनी बीबीसीसाठी थेम्स व्हॅली पोलिसांच्या कामावर एक माहितीपट-मालिका केली होती. तिचा एक भाग जानेवारी १९८२ मध्ये प्रक्षेपित झाला. त्यात बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या एका स्त्रीला तीन पुरुष अधिकारी ज्या अविश्वासाने आणि दटावणीने प्रश्न विचारतात ते देशाने घरबसल्या पाहिले आणि गदारोळ उडाला. जे एरवी कागदावरून पुसले जाते ते, म्हणजे प्रश्न आणि खोली, त्या रात्री लोकांना दिसले. पुढच्या काही वर्षांत तिथल्या पोलीस दलांनी अशा तक्रारदारांसाठी वेगळ्या खोल्या आणि प्रशिक्षित अधिकारी यांची व्यवस्था सुरू केली. १९८६ मध्ये मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, समुपदेशन आणि पोलीस यांना एकत्र आणणारे केंद्र उघडले.

मुलांच्या बाबतीत आइसलँडने १९९८ मध्ये उभारलेले ‘बार्नाहूस’, म्हणजे मुलांचे घर, हे याहून पुढचे पाऊल होते. त्याची कल्पना अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या बालकेंद्रावरून घेतलेली. हे घर ठाण्यातही नाही आणि न्यायालयातही नाही. वस्तीतल्या साध्या घरासारख्या घरात प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी बोलते. न्यायाधीश, पोलीस, वकील, बालकल्याण अधिकारी हे सर्व, आरोपीच्या वकिलासह, दुसऱ्या खोलीत बसून ते पडद्यावर पाहतात आणि त्यांचे प्रश्न त्या एका व्यक्तीमार्फत विचारले जातात. वैद्यकीय तपासणी त्याच घरात होते. या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट भिंतीचा रंग किंवा खेळणी यांत नाही. मुलाला तीच हकीकत ठाण्यात, दवाखान्यात, समितीपुढे, वकिलापुढे पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये, ही आहे. सांगण्याची संख्या कमी करणे हाही वास्तुरचनेचा प्रश्न असतो, कारण ऐकणारे एका छताखाली आणल्याखेरीज ती कमी होत नाही.

या सगळ्यातून चांगल्या खोलीचे गुण काढायचे तर ते अगदी साधे निघतात. येण्याचा रस्ता वेगळा असावा, म्हणजे आरोपीशी किंवा त्याच्या नातेवाइकांशी गाठ पडणार नाही. बसणाऱ्याला दार दिसावे आणि त्या दारापर्यंतची वाट कुणाच्या खुर्चीने अडलेली नसावी. खुर्च्या सारख्या उंचीच्या असाव्यात आणि समोरासमोर टेबल घालून न मांडता थोड्या तिरप्या ठेवाव्यात, म्हणजे डोळ्याला डोळा देण्याची सक्ती राहत नाही. आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये. खिडकी असावी, तिला पडदा असावा, आणि तो ओढण्याचे स्वातंत्र्य बोलणाऱ्याला असावे. जवळच स्वच्छ शौचालय असावे. पाणी मागावे न लागता मिळावे. सोबतीच्या माणसाला बसायला जागा असावी. ध्वनिचित्रमुद्रण होत असेल तर तसे आधी सांगावे, लपवू नये. ‘आता थोडे थांबू या’ हे वाक्य बोलणाऱ्यानेही म्हणायचे असते, हे पहिल्याच मिनिटाला सांगितले जावे.

या यादीतील बहुतेक गोष्टींना सोफा लागत नाही. पाणी नसलेल्या ठाण्याचा आक्षेप येथे उलटा लागू पडतो. पाणी आणि शौचालय हाच या खोलीचा पाया आहे. त्याचबरोबर फुलपाखरांच्या भिंतीची मर्यादाही उघड होते. प्रौढ स्त्रीच्या हातात टेडी अस्वल देऊन तिला गप्प मुलगी करून टाकणारी खोली कितीही मऊ असली तरी तिच्यात बोलणाऱ्याची सत्ता वाढत नाही. किंबहुना मऊपणाचा एक धोकाही आहे. चहा पाजून, आपुलकीने विचारून माणसाकडून हवे ते वदवून घेण्याची कला पोलिसांना नवी नाही. सांत्वन हे जर लवकर बोलते करण्याचे साधन असेल, तर तीही चौकशीच, फक्त गादीवर बसवून केलेली. खोलीचा आराम कोणाच्या कामाला येतो, हे दरवेळी विचारावे लागेल.

आरोपीच्या हक्कांची बाजू मांडणारे विचारतील की फिर्यादीला इतके जपले तर निष्पक्षतेचे काय. हा आक्षेप हलका नाही. ठाण्यातली खोली फिर्यादीवर विश्वास ठेवण्याची सक्ती करीत नाही. ती सूचक प्रश्न टाळून, पूर्ण हकीकत, तिच्याच क्रमाने ऐकून घेण्याची सोय करते. अर्धवट, घाईचा, हवालदाराच्या शब्दांत उतरलेला जबाब खऱ्या फिर्यादीचे जितके नुकसान करतो, तितकेच चुकीने गोवल्या गेलेल्या माणसाचेही करू शकतो. कारण त्यात प्रश्नकर्त्याने काय सुचवले आणि बोलणाऱ्याने काय म्हटले हे वेगळे काढता येत नाही. प्रश्नांसकट मुद्रण झालेली शांत मुलाखत दोन्ही पक्षांना तपासता येते. बार्नाहूसमध्ये आरोपीचा वकील दुसऱ्या खोलीत बसलेला असतो, याचे महत्त्व तेच.

आपला कायदा या बाबतीत पुष्कळदा समजला जातो तितका मागे नाही. साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज अन्यत्र बोलावण्याची सक्ती करता येत नाही, ही तरतूद जुन्या संहितेच्या कलम १६० मध्ये होतीच. आज ती कलम १७९ मध्ये आहे आणि साठ वर्षांवरील व्यक्ती, अपंग, गंभीर आजारी यांनाही लागू आहे. बलात्काराच्या तक्रारीत जबाब घरी किंवा पीडितेच्या पसंतीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, हे २००८ च्या दुरुस्तीने आणले. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तर सांगतो की जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, आरोपीशी त्याची गाठ पडू देऊ नये. न्यायालयांच्या बाजूनेही काम झाले आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर साक्षीच्या वेळी पडद्याची सोय करण्यास सांगितले. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका मूकबधिर मुलीच्या खटल्यात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन साक्षकेंद्रे उभारण्याचे निर्देश दिले, आणि जानेवारी २०२२ मध्ये ही व्याख्या व योजना आणखी विस्तारली.

यातली विसंगती लक्षात घ्यावी. साक्ष ही कथनाची शेवटची पायरी. तिच्यासाठी पडदा, वेगळी वाट, वेगळी खोली यांचा विचार सर्वोच्च पातळीवर झाला. पहिली पायरी म्हणजे ठाण्यातला जबाब. उलटतपासणीत तिच्याच आधाराने साक्ष पाडली जाते, आणि तिच्या खोलीविषयी मात्र आपण बहुतांशी ‘पसंतीची जागा’ या कायद्यातल्या शब्दांवर विसंबून आहोत. पसंती विचारली तर जातीच, असे गृहीत धरून. आणि घर ही प्रत्येकीची पसंतीची जागा असू शकत नाही. मारणारा त्याच घरात राहत असेल तर नाहीच.

जागेचा अर्थ सगळ्यांना सारखा नसतो, हेही विसरू नये. पारधी किंवा पाथरूट समाजातील स्त्री फिर्यादी म्हणून ठाण्यात येते तेव्हा तिच्यासोबत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची स्मृती येते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्या समाजांकडे पाहण्याची ठाण्याची नजर रद्द झाली नाही, हे लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचलेल्यांना सांगायला नको. ज्या इमारतीच्या नावाने घरातली मुले दडून बसत, तिच्यातली एक खोली रंगवून तिला आपलीशी होणार नाही. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईला कितीही चांगल्या खुर्चीत बसवले आणि प्रश्न मराठीत विचारले, तर ती खुर्ची तिच्या काय उपयोगाची? अशा वेळी खोली ठाण्याबाहेर असणे, दुभाषा असणे, ओळखीची कार्यकर्ती शेजारी बसलेली असणे हीच खोलीची खरी रचना होय.

याचे एक जुने उदाहरण आपल्याच घरात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात बसणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या होत्या, पोलीस नव्हत्या. पुढे हे काम राज्यभर पसरले. मुंबईतच वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र उभे केले. दोन्ही ठिकाणी मर्म एकच होते. सत्तेच्या इमारतीत एक अशी व्यक्ती बसवायची की जिला जबाब मिळवायचा नाही, फक्त ऐकायचे आहे. फर्निचरवर खर्च करण्याआधी या माणसांच्या पगारावर आणि संख्येवर खर्च करावा, असे मला वाटते. रिकामी सुंदर खोली ही कुलूपबंद वाचनालयासारखी असते.

आणि शेवटी भाषेकडे यावेच लागेल, कारण खोलीतून बाहेर पडते ती भाषा. उत्तम खोलीत, समजूतदार अधिकाऱ्यापुढे, वेळ घेऊन सांगितलेली हकीकत जर पुन्हा ‘सदर इसमाने माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले’ या तयार वाक्यात घालून ठेवली, तर ती खोली फुकट गेली. तिने म्हटलेले असते, ‘माझ्या अंगातून पायच गेले’. कागदावर येते, ‘मी घाबरले’. पहिल्या वाक्यात तिने प्रतिकार का केला नाही याचे उत्तर होते; दुसऱ्यात ते राहिले नाही, आणि न्यायालयात प्रश्न येणार तो त्याच उत्तराचा. कायद्याला आवश्यक ते शब्द आरोपपत्रात घालायला कुणाची ना नाही. जबाबात मात्र तिचे वाक्य तिच्या बोलीत राहिले पाहिजे, आणि त्याआधी विचारलेला प्रश्नही तिथेच नोंदला गेला पाहिजे. प्रश्न आणि उत्तर असा जबाब लिहायला कोणती अडचण आहे? अलीकडे ध्वनिचित्रमुद्रणाच्या तरतुदी वाढल्या आहेत. त्यांचा खरा फायदा झाला तर हाच होईल, की पुसलेले प्रश्न परत येतील.

भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांचा या कामाशी काय संबंध, असे कुणी विचारील. पोलीस प्रशिक्षण केंद्रांत कायदा, कवायत आणि न्यायवैद्यक शिकवतात. दुसऱ्याचे बोलणे त्याच्या शब्दांत, त्याच्या क्रमाने, आपले शब्द न मिसळता उतरवून घेणे हे कौशल्य कोण शिकवणार? लोककथा आणि ओव्या गोळा करणाऱ्यांनी, बोलींच्या अभ्यासकांनी, मौखिक इतिहास नोंदवणाऱ्यांनी ते मराठीत पिढ्यान्‌पिढ्या कमावले आहे. मध्येच न तोडता ऐकणे, शब्द न कळल्यास पुन्हा विचारणे, गप्प राहणाऱ्याला गप्प राहू देणे, ही आपल्या विषयाची साधी शिस्त आहे. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने जिल्हा पोलिसांबरोबर बसून जबाबलेखनाचा एक छोटा अभ्यासक्रम आखला, तर सुंदर भिंतींपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. पाठ्यपुस्तकाचीही गरज नाही. जुने, नावे काढून टाकलेले जबाब घ्यावेत, आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: येथे कोणता प्रश्न विचारला गेला असेल, आणि तो विचारताना दार उघडे होते की बंद?